बिनमेणाची कॉइल

१

हनुमंताचं जगाविषयी मत चांगलं नव्हतं, आणि ते तो लपवतही नसे. गिटार वाजवणाऱ्यांविषयी तर ते फारच वाईट होतं, आणि पोट नेमकं त्यांच्यावरच चालत होतं. निमोण्यात घराच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली होती. आज्याच्या काळी तीत मेंढरांची कोकरं कोंडत. आता तिथं बसून हनुमंत गिटारीचे पिकअप गुंडाळायचा. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की खालच्या वेढ्यांत वीज हलते, ती अ‍ॅम्प्लिफायरला जाते आणि आवाज होतो. एवढंच. पण पुण्या-मुंबईची पोरं फोन करून ‘दादा, जरा उबदार टोन पाहिजे’ म्हणायची, आणि हनुमंत ‘मग चुलीत घाल’ असं मनात म्हणून पत्ता लिहून घ्यायचा. या लोकांना कान नसतात, डूल अडकवायला नुसत्या पाळ्या असतात, असं त्याचं म्हणणं होतं.

खोलीची एक भिंत स्वयंपाकघराला लागून होती. त्या भिंतीत वीतभर रुंदीचा झरोका होता. रात्री उठून कोकरांवर नजर टाकायला तो पूर्वी ठेवलेला. हनुमंतानं आपलं बाकडं मुद्दाम समोरच्या भिंतीला लावलं होतं, म्हणजे झरोक्याकडं पाठ व्हायची. कारण झरोक्याच्या पलीकडं रुपाली होती, आणि रुपाली बोलायची.

रुपाली त्याची बायको. माहेर राहूचं. राहू म्हणजे भीमेच्या पलीकडचं, दौंड तालुक्यातलं गुऱ्हाळांचं गाव. ती भाकरी थापताना बोलायची, भांडी घासताना बोलायची, आणि मधेमधे थांबायची. ते थांबणं हनुमंतासाठी असे. तिथं त्यानं एक ‘हूं’ म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. हनुमंत ते म्हणत नसे. आपल्याला एकाग्रता लागते, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. दिवसातून एकदा तरी झरोक्यातून ‘राहू’ हा शब्द यायचाच, आणि त्याच्या कपाळावर आठी पडायची. झालं माहेरचं कौतुक सुरू.

दिवाळीत ती म्हणाली होती, “भिताडाशी बोलल्यावानी वाटतं मला. असंच चालणार असंल तर मी धनश्रीकडं जाते.” धनश्री तिची थोरली बहीण. राहूतच तिनं शिलाईची मशिनं टाकली होती आणि रुपालीला हाताखाली बोलवत होती. तेव्हापासून माळ्यावरची लाल बॅग खाली आली होती आणि पलंगाशी अर्धी भरून उभी होती. ज्याला खरंच जायचं असतं तो बॅग अशी दाखवत नाही, असं हनुमंत तुच्छतेनं म्हणायचा. पण रोज दुपारी पाणी प्यायला घरात आला की ती बॅग जागेवर आहे का, हे तो आधी बघायचा. ती गेली असती तर तो मोडून पडला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणूनच तो आणखी गप्प बसत असे.

२

ज्ञानेश दौंडचा. हळदीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रा घेऊन जायचा आणि सावलीतही काळा चष्मा घालून बसायचा. एवढ्यावरूनच हनुमंतानं त्याची किंमत ठरवून टाकली होती. पिकअप मेलेली एक जुनी गिटार त्यानं आणली आणि बाकड्यावर ठेवून सूचना सुरू केल्या.

नवी कॉइल गुंडाळली की ती गरम मेणात बुडवतात. मेण आत शिरतं, वेढे एकमेकांना चिकटून बसतात आणि हलत नाहीत. मेण लावलं नाही तर वेढे सुटे राहतात, आणि मग कॉइल गिटारीच्या तारांचंच नव्हे तर आजूबाजूचंही ऐकायला लागते. कुणी जवळ बोललं, दार आपटलं, तरी ते अ‍ॅम्प्लिफायरमधून येतं. शिकाऊ पोरालाही हे कळतं. ज्ञानेशला मात्र कुणीतरी सांगितलं होतं, की पूर्वीचे लोक मेण लावत नव्हते आणि म्हणून त्यांच्या गिटारी तशा वाजायच्या.

“मेण नको बरं का, दादा,” तो म्हणाला. “मेणानं कॉइल गुदमरती. तिला श्वास घेऊ द्या.”

वर त्यानं खिशातून एक कपॅसिटर काढला. जुन्या रेडिओतला, बोटाएवढा जाड, अंगावरचा कागद पिवळा पडलेला. टोनच्या बटणाला हाच लावा म्हणाला. गिटारीतला कपॅसिटर आवाजाची वरची धार खातो. बटण जितकं खाली घ्याल तितकं जास्त खातो. हनुमंतानं तो मीटरवर मोजला आणि त्याला हसू आलं. एवढा मोठा कपॅसिटर गिटारीला कुणी लावत नाही. बटण पुरतं खाली घेतलं तर आवाज गोधडीखाली घालून दाबल्यासारखा व्हायचा. त्यानं तसं सांगितलं. ज्ञानेश म्हणाला, तसंच पाहिजे. मग हनुमंतानं तो लावला. मूर्खांना शहाणं करत बसणं हे आपलं काम नाही, असं म्हणून लावला, पण कथलाचा डाख मात्र नेहमीसारखा स्वच्छ दिला. कामात त्याची हयगय नसे, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं.

३

पहिल्यांदा गिटार लावून बघितली तेव्हा दुपारची वीज गेली होती. निमोण्यात ती रोजच जायची. हनुमंताकडं बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता, त्याला त्यानं गिटार जोडली. वीज नसताना बघण्यात एक फायदा असतो. घरातल्या वायरींची जी बारीक घरघर कॉइल पकडते, तिला या धंद्यात ‘हम’ म्हणतात. वीज नसली की हम नसतो. खोली शांत होती.

अ‍ॅम्प्लिफायरमधून रुपालीचा आवाज आला.

यात नवल काहीच नव्हतं. बिनमेणाची कॉइल, उघडा कान. झरोक्यातून येणारं बोलणं ती पकडत होती आणि हनुमंताला तेच बोलणं दोनदा ऐकायला लागत होतं. त्याच्या मते ही ज्ञानेशच्या अकलेला झालेली योग्य शिक्षा होती, फक्त ती भोगत तो स्वतः होता. रुपाली सांगत होती, की शेजारच्या सखूबाईच्या सुनेनं पिठाची गिरणी घेतली आणि आता सगळी आळी तिच्या दारात पायली घेऊन उभी असते. मग ती नेहमीसारखी थांबली.

“हूं,” अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला.

आवाज हलका होता, पुरुषाचा होता, तोंड न उघडता केलेला. रुपालीनं पुढचं सांगायला घेतलं.

हनुमंतानं मान वर केली. त्याला पहिल्यांदा वाटलं, आपणच केला असेल. माणूस कामात असला की नकळत करतो. मग त्यानं ओठ घट्ट मिटले, जीभ दातांत धरली आणि वाट बघितली. पलीकडं तवा उतरल्याचा आवाज झाला. त्या सुनेच्या नवऱ्यानं गिरणी तिच्याच नावावर केली, असं रुपाली म्हणाली आणि थांबली.

“हूं.”

त्यानं पंजा सगळ्या तारांवर टेकवला. हाताचा स्पर्श झाला की अर्थिंग मिळतं आणि फुकटचा आवाज जागेवर मरतो. कॉइलची बारीक सळसळ मेली. रुपालीचा आवाज राहिला. तिच्या पुढच्या थांबण्यावर आलेला ‘हूं’ही राहिला, आणि तो आधीच्यापेक्षा जरा आपुलकीचा होता.

हनुमंतानं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. एखादा वेढा ढिला असणार, आवाज त्यात घुमून परत येत असणार, असं त्यानं ठरवलं. ठरवलं की त्याच्यापुरती गोष्ट संपायची. रुपाली मात्र भिंतीपलीकडं बोलत होती, आणि थांबून पुन्हा सुरू करत होती.

४

जेवताना तिनं त्याला न मागता दुसरी भाकरी वाढली. वर लसणाची चटणी कुटून ठेवली होती. ती म्हणाली, “आजकाल तुम्ही आईकता. बरं वाटतं.”

त्या क्षणी हनुमंतानं सांगायला हवं होतं, की मी काही ऐकत नाही आणि मी काही म्हटलेलं नाही. पण त्यानं भाकरी मोडली. बायको खूश होती, बॅग जागेवर होती आणि त्यासाठी त्याला तोंड उघडावं लागलं नव्हतं. इतकं स्वस्त सुख त्याला कधी मिळालं नव्हतं. ढिल्या वेढ्यानं का होईना, कुणीतरी आपल्या वाटचं काम करतंय, असं त्याला वाटलं, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर त्यात त्याचं काय जात होतं.

पुढं तो गिटार लावूनच बसायला लागला. ज्ञानेशला त्यानं काहीतरी बहाणा सांगितला. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बारीक ठेवून, दुसऱ्यांचे पिकअप गुंडाळत, तो आपल्याच बायकोचं बोलणं चोरून ऐकायचा. झरोका पाठीशी उघडा होता. मान वळवून ऐकणं त्याला कमीपणाचं वाटे.

एके दुपारी तिनं कोपराजवळच्या डागाची गोष्ट सांगितली. तो डाग हनुमंतानं लग्नापासून पाहिला होता आणि इस्त्रीचा असेल असं धरून चालला होता. ती सांगत होती, की ती परकर नेसायची त्या वयात वडलांच्या गुऱ्हाळावर उकळती काकवी हातावर सांडली. वडलांनी तिला उचलून पाटाच्या पाण्यात धरलं आणि ते स्वतःच रडायला लागले. त्यांना रडताना तिनं तेवढ्या एकदाच पाहिलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना ती बरेचदा थांबली, आणि प्रत्येक वेळी तो ‘हूं’ आला. कधी लांब, कधी तुटका. जिथं काही न म्हणणंच बरं, तिथं तो आलाही नाही.

हनुमंताच्या हातातली तार तुटली. त्याला राग आला, आणि तो कुणाचा आला हे त्याला धड कळेना. गोष्ट त्याच्या बायकोची होती, ती तिनं त्यालाच सांगितली होती, आणि तरी ती त्याला मिळाली नव्हती.

५

अनसाबाई त्याची आई. ती दिवसभर खोलीच्या दारात उन्हाला पाय सोडून बसायची आणि हनुमंत तिला खुर्चीइतपतच धरायचा. तिचं बालपण मेंढरांमागं गेलं होतं. मुक्कामाला मेंढक्यांचा वाडा पडला, मेंढरं जाळीत कोंडली, की म्हातारे गोष्टी सांगत. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं समजून गोष्ट थांबवायची.

त्या दुपारी ती बराच वेळ हनुमंताच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी म्हणाली, “हनुमंता, तू तर गप बसलाय.”

तो म्हणाला, मग काय नाचू?

“रुपी बोलतीया आन् हूं येतोय. तुझं तोंड हलंना.” ती काठीनं जमीन उकरत राहिली. “आमच्या वाड्यावर हूं आला की सांगणारा आधी बघायचा कुणी दिला. जाळीच्या आतल्यानं दिला तर पुढं सांगायचं. बाहेरनं आला तर गोष्ट तिथंच टाकून द्यायची. पुरी करायची न्हाई.”

पुरी केली तर काय होतं, असं विचारण्याइतका हनुमंत उत्सुक होता, पण विचारणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. तो हसला. कॉइल, सुटे वेढे, मेण, सगळं त्यानं तिला ऐकवलं. तिला त्यातलं काही कळणार नाही याची खात्री असल्यामुळं जरा जास्तच सविस्तर ऐकवलं. अनसाबाईनं ते ऐकून घेतलं. एकदाही हूं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्या लेकाकडं भांडगावला जायला निघाली. नातवंडांना बघायचंय म्हणाली. एसटीत बसवताना तिनं रुपालीचा हात धरला आणि तिलाही चल म्हणाली. रुपाली हसली. “आता कशाला?” ती म्हणाली. “आता हितंच बरं चाललंय.”

६

हनुमंतानं मग आपल्या पद्धतीनं निकाल लावायचं ठरवलं. आईला नव्हे, स्वतःलाही नव्हे, त्या ‘हूं’ला दाखवून द्यायचं होतं की तो नुसता फुकटचा आवाज आहे.

फुकटच्या आवाजावर या धंद्यात एक जुना उपाय आहे. पहिलीसारखीच दुसरी कॉइल करायची, पण वेढे उलट्या दिशेनं घ्यायचे आणि चुंबकही उलटं ठेवायचं. मग दोघींना एकमेकींशी जोडायचं. बाहेरून जे येतं ते दोघींत एकमेकांच्या विरुद्ध पडतं आणि मरतं. गिटारीचं स्वतःचं जे असतं ते दोघींत मिळून टिकतं. घरचं राहतं, परकं जातं. हनुमंताला जगातली एवढी एकच गोष्ट सुंदर वाटायची.

त्यानं दुसरी कॉइल जीव ओतून गुंडाळली. जोडली, बसवली, डाख दिला. वीज चालू होती, पत्र्याखाली पंखा फिरत होता, म्हणजे हम भरपूर असायला हवा. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर लावला. हम अजिबात नव्हता. त्याच्या हातून इतकी शांत गिटार कधी झाली नव्हती, आणि क्षणभर त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

मग रुपालीचा आवाज आला. आधीपेक्षा स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखा. तिच्या थांबण्यावर ‘हूं’ आला. तोही स्वच्छ. त्यात आता श्वास ऐकू येत होता.

हनुमंत गिटारीवर वाकला आणि म्हणाला, “कोण आहे?”

अ‍ॅम्प्लिफायरमधून काहीच आलं नाही. त्यानं आणखी जवळ तोंड नेलं, ओठ जवळजवळ कॉइलला टेकवले आणि मोठ्यानं ‘हॅलो’ म्हटलं. काही नाही. नखानं लाकडावर टकटक केली, ती आली. पक्कड खाली टाकली, तो आवाज आला. बाहेर सखूबाईचं कुत्रं भुंकलं, तेसुद्धा बारीक का होईना पण आलं. त्यानं शिवी दिली. ती आली नाही.

त्यानं सगळं उघडलं. व्हॉल्यूमचं बटण बदललं, जॅक बदलला, प्रत्येक जोड पुन्हा तपासला. परकं ते जातं. हे वाक्य त्याच्या डोक्यात फिरायला लागलं, आणि ते थांबवायला त्यानं मोबाइल उचलून ज्ञानेशला फोन लावला. गिटार घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं.

“हॅलो?” ज्ञानेश म्हणाला. “दादा, आवाज येईना. हॅलो?”

हनुमंत ओरडला, की उद्या ये आणि तुझं हे भंगार घेऊन जा.

“कायच येईना... हां. आता आला. बोला.”

हनुमंत पुन्हा बोलला नव्हता. तो फोन कानाला लावून उभा होता. पलीकडं ज्ञानेश ऐकत होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं. मग तो हसला.

“व्हय, व्हय. तेच म्हणत व्हतो मी. घाई न्हाई, दादा, सावकाश द्या.” थोडं थांबून तो म्हणाला, “खरं सांगू का, तुम्ही एवढं गोड कवा बोलला न्हाईत.”

हनुमंतानं फोन कापला. पलीकडचं बोलणं त्यानं थांबलं की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

७

त्या दिवशी तो जेवायला गेला नाही. जायला घाबरला, हे खरं. जेवायला हाकही आली नाही, आणि पलीकडं दोन ताटं वाढल्याचा आवाज झाला. ते त्यानं ऐकलं नाही असं धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. हनुमंत बाकड्याशी बसला होता, नेहमीसारखा, झरोक्याकडं पाठ करून. अ‍ॅम्प्लिफायर बंद होता. आता त्याची गरज नव्हती. हूं खोलीत येत होता, आणि कुठून येतो ते बघायला मान वळवायची त्याची हिंमत होत नव्हती.

रुपाली आज हळू बोलत होती. धनश्रीचा फोन आला होता, म्हणाली. मशीन रिकामं आहे, बाई मिळत नाही, आज काय ते सांग म्हणते. अर्धी बॅग भरलेलीच आहे. एसटी चौफुल्यापर्यंत मिळते, पुढं कुणीतरी न्यायला येईल.

मग ती म्हणाली, “सांगा की. राहू?”

हनुमंताच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा माहेर. जायचं तर जा म्हणावं राहूला, कुणी धरून ठेवलंय? हे त्याच्या मनात पुरतं येऊन गेलं, आणि मग पलीकडची शांतता त्याला ऐकू आली. ती थांबली होती. गावाचं नाव घेऊन माणूस असं थांबत नाही.

राहू. ऱ्हाऊ का? थांबू का मी इथं? ती विचारत होती. दिवाळीपासून रोज विचारत होती, झरोक्यातून, त्याच्या पाठीला, आणि तो दर वेळी माहेरच्या गावाला नाक मुरडत बसला होता.

तो उठला. स्टूल पडलं. खोलीच्या दारातून बाहेर आला, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत गेला. जाताना त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त एक शब्द तोंडात तयार होता, आणि तो बाहेर पडेपर्यंत कुणी मधे बोलू नये अशी तो देवाची करुणा भाकत होता. देवालाही त्यानं आजवर फारसं मोजलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात तो उभा राहिला. रुपाली पाटावर बसली होती, तोंड झरोक्याकडं, पदराचं टोक बोटांत गुंडाळलेलं.

“ऱ्हा,” हनुमंत म्हणाला. “रुपाली, ऱ्हा. जाऊ नको.”

तिनं वळून बघितलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. त्याच्या घशाला ते जाणवत होतं, पण कानाला काही लागत नव्हतं. तो तिच्या समोर येऊन उभा राहिला. ती वाकून त्याच्या बाजूनं झरोक्याकडं बघायला लागली, वाटेत खांब आल्यावर माणूस बघतो तशी.

“हूं,” झरोक्यापलीकडून आलं.

रुपालीनं डोळे पुसले. मग उठली, आतल्या खोलीत गेली. बॅगची चेन उघडल्याचा आवाज झाला, आणि मग कपाटाचं दार, आणि साड्या फळीवर ठेवल्याचा.

हनुमंत झरोक्याकडं वळला. आपण हे करू नये हे त्याला कळत होतं. त्यानं डोळा लावला. खोलीत उजेड पुरेसा होता. स्टूल सरळ उभं होतं. त्यावर कुणीतरी झरोक्याकडं पाठ करून बसलं होतं. अंगात हनुमंताचा निळा सदरा, मानेवर हनुमंताचेच वाढलेले केस, आणि बाकड्यावर वाकलेली ती पाठ. वीज नव्हती, तरी डाखाचा धूर वर चढत होता.

आतून रुपालीनं काहीतरी विचारलं. चहा ठेवू का, असलं काहीतरी.

आणि त्या पाठीनं काम थांबवलं, आणि मान तिच्या आवाजाकडं वळायला लागली. एवढं हनुमंतानं लग्नापासून एकदाही केलं नव्हतं. चेहरा दिसायच्या आत त्यानं डोळे मिटले.

८

ज्ञानेश गिटार न्यायला आला तेव्हा रुपालीनं तिघांसाठी चहा केला. चौथा कप कुणी मागितला नाही. ज्ञानेश चष्मा डोक्यावर चढवून स्टुलाशेजारी बसला आणि वाजवायला लागला. वाईट वाजवत होता. हनुमंत त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला तसं सांगत होता. त्याच्या हातांविषयी, त्याच्या कानांविषयी, त्याच्या मेणाविषयी आणि एकंदर सगळ्यांविषयी, जे इतकी वर्षं मनात ठेवलं होतं ते सगळं तो घसा फाडून सांगत होता. मधेच तो रुपालीला हाक मारत होता. बाकड्याशी बसलेल्याच्या तोंडाकडं तो बघत नव्हता.

ज्ञानेशनं वाजवणं थांबवलं आणि अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला.

“हम न्हाई, खरखर न्हाई, एक नंबर काम झालंय,” तो म्हणाला. “फकस्त एक बारीक कायतरी हाय, दादा. लांब कुणीतरी चिडून बोलल्यागत.”

रुपालीनंही कान लावला. हनुमंत गप्प झाला, मग तिच्या कानाशी वाकून त्यानं तिचं नाव घेतलं, आयुष्यात कधी घेतलं नव्हतं इतक्या हळू. तिनं थोडा वेळ ऐकलं, जरा जास्तच वेळ, आणि मान हलवली.

“मला तर काय येत न्हाई आईकू,” ती म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला स्टुलाकडं बघितलं.

“हूं,” तिकडून आलं.

“असू द्या,” ज्ञानेश म्हणाला. “आपला कपॅसिटर कशाला हाय?” आणि त्यानं टोनच्या बटणावर बोट ठेवून ते सावकाश खाली घ्यायला सुरुवात केली.

हनुमंत त्या बोटाकडं बघत राहिला. कपॅसिटर त्यानं स्वतः लावला होता. बटण पुरतं खाली गेलं की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि काम चोख झालं होतं.